फ्रीजवरचा टोपीवाला

एक डिसेंबरला सुनीतीनं तो आणला,
कॉलेज रोडच्या दुकानातून, चारशे नव्वद रुपयांना,
बिल माझ्यापासून लपवून.
वीतभर उंची, लाल टोपी, लोंबते पाय,
आणि डोळे असे बाजूला वळलेले,
जसा उधारी मागायला आलेला माणूस
आधी फ्रीज नवा आहे का ते बघतो.

म्हणाली, हा रात्री नाताळबाबाकडे जातो,
यमीमा दिवसभर कशी वागली ते सांगतो,
पहाटे येऊन दुसऱ्याच जागी बसतो.
तिच्या वर्गात सगळ्यांकडे आहे.
'सगळ्यांकडे' हा शब्द आमच्या घराला
याआधीही महाग पडलेला आहे.

मी अंबडच्या कंपनीत कॅमेऱ्यांपुढे बसतो.
सोळा चौकटी, आठ तास.
कोण किती वेळा पाणी प्यायला उठलं,
कोण गेटपाशी जरा जास्त रेंगाळलं,
वहीत लिहितो.
घरी येऊन बूट काढतो,
तर फ्रीजवर माझाच व्यवसायबंधू.

आप्पांनी चष्मा पुसून त्याला नीट पाहिलं.
अडतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या त्यांनी,
अडतीस वर्षं सुटीच्या भोंग्यानंतर
हात वर करून झडती दिली.
म्हणाले, "गव्हाणीपाशी मेंढपाळ होते, मागी आले,
गाढवसुद्धा होतं म्हणतात.
हा कुठल्या शुभवर्तमानातला?"
मग जरा थांबून,
"आणि पोरीची झडती कशाला?"

सुनीती काही बोलली नाही.
तिचा नाताळ मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधला.
चर्चमधून मिळालेलं एक संत्रं,
ते चार भावंडांत, फोडी मोजून.
तिला एवढंच हवं होतं
की पोरीनं डोळे चोळत उठावं
आणि काहीतरी शोधत घरभर धावावं.

आणि यमीमा धावली. खोटं कशाला बोलू?
कधी तो करंज्यांच्या डब्यात पिठात पाय सोडून,
कधी आप्पांच्या कवळीच्या वाटीशेजारी,
एकदा खिडकीत, खैरनारांच्या दारासमोर.
वहिनींनी विचारलं, "हा तुमच्यात असतो का हो?"
आमच्यात! शरणपुरात चौथी पिढी आमची.
"आमच्यात असा कोणीच नसतो, वहिनी."
तरी त्यांच्या शर्विलनं दूध सोडलं, दोन दिवस.
आता त्यांच्याही कपाटावर एक बसलाय,
कपाळाला कुंकवाचं बोट.
वहिनी म्हणतात, घरात आलाच आहे
तर भुंड्या कपाळानं कशाला.

सतरा तारखेला आम्ही भांडलो.
फीचे हप्ते, माझा आवाज, तिचं माहेर,
सगळं एका ताटात वाढलं गेलं.
ताट मी जरा जोरात ठेवलं.
निफाडला पारा पाचावर होता म्हणे त्या रात्री,
आमच्याकडे त्याहून खाली.
टोपीवाल्याला हलवायचं कुणाच्या लक्षात राहतंय.

सकाळी तो जागेवरच होता.
फक्त तोंड भिंतीकडे,
टोपी हनुवटीपर्यंत ओढलेली,
आणि फ्रीजला टेकवलेलं स्टूल.
यमीमा दुधाची साय बोटानं बाजूला करत होती.
"काल त्याला काही दिसलं नाही," ती म्हणाली.
"तुम्ही सुरू केलं तेव्हाच मी फिरवला.
ऐकू आलं असेल थोडं,
पण तुमचं नाव माहीत नाही त्याला."

आप्पा हसले की खोकले, कळलं नाही.
सुनीतीनं गॅस उगाच बारीक केला,
मग मोठा केला.

त्या रात्री कामावरून उशिरा आलो.
ती जागीच. "आज कुठे बसवायचा?"
मी त्याला खाली घेतला.
आत नुसता कापूस, वजन नाहीच.
टोपी सरळ करावी की राहू द्यावी,
हातात धरून तसाच उभा राहिलो
फ्रीजच्या घरघरीत.
नाताळला अजून सात रात्री.